बांध सर्वांचा, फावडे कोणाचे? : धरमतरची खाडी आणि ‘फुकट्या’च्या कल्पनेचा इतिहास

सह्याद्रीच्या कुशीत उगम पावणारी अंबा नदी पाली-नागोठण्याच्या भूमीतून वाहत खाली उतरली की तिची खाडी होते. वरच्या अंगाला रोहे तालुक्यातील नागोठणे, पूर्वेस पेण, पश्चिमेस अलिबाग आणि तळाशी रेवस-करंजाचे मुख, अशा या जलमार्गाला धरमतरची खाडी हे नाव पडले. मुंबईहून आगबोटीने निघालेला प्रवासी एके काळी धरमतरच्या धक्क्यावर उतरून पुढे खुष्कीची वाट धरीत असे. आज पेण-अलिबाग रस्त्यावरील पुलावरून जाणाऱ्याला खाली दिसते ते गढूळ पाणी, कांदळवनाची हिरवी किनार आणि तिच्याआड दूरवर पसरलेली भाताची सपाट खाचरे. ही खाचरे मुळात खाडीचीच होती आणि माणसाने ती खाडीकडून हिसकावून घेतली, हे मात्र पुलावरून ध्यानी येत नाही.

या प्रदेशाला खारेपाट म्हणतात. येथील पुष्कळशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीहून खाली आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये उभा असतो तो केवळ मातीचा बांध. खाडीतलाच चिकट गाळ उचलून तो रचलेला असतो. लाटांचा मारा जेथे अधिक, तेथे त्याला दगडांचे अस्तर दिलेले असते. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला उघाडीचे झडप बाहेर ढकलले जाऊन शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते, आणि भरतीचे पाणी चढू लागले की त्याच पाण्याच्या दाबाने झडप मिटते. रचना साधी, परंतु नाजूक. खेकड्याचे एखादे बीळ, घुशीने पोखरलेला एखादा कोपरा किंवा कुजलेली एखादी फळी उधाणाच्या रात्री पुरेशी होते. बांधाला खांड पडली की खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. बांधाच्या आतले सारे खार एकदमच बुडते आणि मातीतले मीठ धुऊन जाण्यास पुढे दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

आता या बांधाकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. बांधाच्या आत शंभर कुटुंबांची शेते आहेत. बांध मजबूत राहिला तर शंभरही शेते वाचतात. ज्याने चिखल वाहिला त्याचे शेत वाचते आणि जो त्या दिवशी घरी झोपून राहिला त्याचेही वाचते. खाडीचे पाणी हजेरीपट पाहून आत येत नाही. मग शंभरातल्या एखाद्याच्या मनात विचार येतो, की नव्याण्णव जण गेलेच आहेत, एका फावड्याने असा काय फरक पडणार? हाच विचार सर्वांच्या मनात आला तर बांधावर कोणीच नसेल. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ श्रमाविना चाखू पाहणाऱ्या या माणसाला अर्थशास्त्रात फुकट प्रवासी म्हणतात. आपल्या बोलीत त्याला सरळ ‘फुकट्या’ म्हणतात, आणि आयत्या बिळावरचा नागोबा हे त्याचे चित्र तर घरोघरी ठाऊक आहे. कल्पना जुनी, नाव नवे, आणि या दोहोंमधला प्रवास मोठा वळणावळणाचा आहे.

पाश्चात्त्य ग्रंथकार या प्रवासाचा आरंभ बहुधा डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्यापासून करतात. १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी स्वभावावरील आपल्या ग्रंथात त्याने पाणथळ कुरणाचे उदाहरण घेतले आहे. दोन शेजाऱ्यांच्या सामाईक कुरणात पाणी साचले असेल, तर ते दोघे मिळून पाण्याचा निचरा करतील. कारण एकाने अंग काढून घेतले तर काम फसणार, हे दोघांनाही स्पष्ट दिसते. मात्र कुरण हजार जणांचे असेल तर हजार जणांनी एक योजना आखणे कठीण आणि ती पार पाडणे त्याहून कठीण. प्रत्येक जण कष्ट आणि खर्च टाळण्यासाठी सबब शोधील आणि सारा भार इतरांवर टाकू पाहील. ह्यूमने यावर उपायही सांगितला आहे. ज्यांना प्रजेचे हित साधण्यातच आपले हित दिसते असे राज्यकर्ते असले, म्हणजे पूल बांधले जातात, बंदरे खुली होतात, तट उभे राहतात. ह्यूमने पाण्याच्या निचऱ्याचेच उदाहरण घ्यावे, हा खारेपाटातील वाचकाला मोठा सुखद योगायोग वाटेल.

ह्यूमच्या कितीतरी शतके आधी या देशात हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि तोही बांधाच्याच संदर्भात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात जनपदाच्या वसाहतीचा विचार करताना सेतूचा, म्हणजे बांधबंधाऱ्याचा, विषय येतो. अनेकांनी मिळून बांध घालण्याचे ठरल्यावर जो अंग काढून घेईल, त्याच्या नोकरांनी आणि बैलांनी ते काम करावे, खर्चाचा वाटा त्याने उचलावा आणि फळाचा वाटा मात्र त्याला मिळू नये, असा तेथे दंडक आहे. तिसऱ्या अधिकरणातील नियम तर अधिकच मार्मिक आहे. गावात खेळ ठरला असता ज्याने वर्गणी दिली नाही, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी तो पाहू नये. लपून पाहिला किंवा ऐकला, तर दुप्पट वाटा भरावा. सर्वांच्या हिताचे काम अडविणाऱ्यालाही तीच शिक्षा. हा ग्रंथ दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध केला आणि पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांची तीन खंडांतली चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात काढली. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र आजही फुकट्याचा इतिहास ह्यूमपासून सुरू होतो, याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. कौटिल्याने मानवी स्वभावाचे प्रवचन केले नाही. फुकट्या असणारच असे गृहीत धरून तो थेट बैलांच्या जोडीपर्यंत पोहोचला. खेळाच्या नियमातून त्याची सूक्ष्म दृष्टी दिसते. ज्या लाभापासून माणसाला वगळता येते तेथे त्याने वगळण्याची शिक्षा सांगितली. जेथे डोळे-कान झाकता येत नाहीत, तेथे दुप्पट वसुली.

धरमतरच्या काठावर या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांवाचूनच शोधली गेली. येथील पुष्कळसे बांध आंग्र्यांच्या अमलात, १७५५ ते १७८० च्या सुमारास घातले गेले, असे १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात नोंदले आहे. ज्या वजनदार मंडळींनी आपला पैसा घालून ते उभे केले त्यांना शिलोत्रीदार म्हणत. बाहेरचा मोठा बांध राखणे ही शिलोत्रीदाराची जबाबदारी. त्याच्या बदल्यात आतल्या कुळांनी सरकारी साऱ्याव्यतिरिक्त दर बिघ्यास एक मण भात त्याला द्यायचे. या मणाला शिलोत्री मण असेच नाव होते. ही एक प्रकारे बांधाची पट्टी होती. कोण चिखल वाहतो आणि कोण नाही, हा प्रश्नच येथे उरला नाही. सर्वांनी भात मोजायचे आणि एकाने बांध पाहायचा. दुसरा प्रकार कुळारगाचा. तेथे शेतकऱ्यांच्याच मंडळाने एकत्र येऊन खाडी हटवलेली असे आणि ज्याने जी जमीन कसायला आणली ती त्याची, असा करार असे. ठाणे-कुलाब्याच्या जुन्या जमीनधारेचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना या दोन पद्धतींचे मोठे कुतूहल वाटले होते. एकाच खाडीच्या काठावर मालकाचा बांध आणि मंडळाचा बांध शेजारी शेजारी नांदत होते.

या मंडळाच्या परंपरेचेच रूप म्हणजे जोळ. बांधाच्या आत ज्यांची शेते, त्यांनी मिळून श्रमदानाने बांधाची डागडुजी करायची आणि उघाड्या राखायच्या, अशी ही पद्धत अलिबाग-पेणच्या खारेपाटात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मराठीत एक म्हण सांगते, बारभाईची शेती, काय लागेल हाती. दुसरी सांगते, गाव करी ते राव न करी. दोन्ही म्हणी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे खारेपाटाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

लोककथांनीही हा प्रश्न दोन तोंडांनी सांगितला आहे. रात्री हौदात प्रत्येकाने घागरभर दूध ओतावे असा हुकूम झाला आणि सकाळी हौद पाण्याने भरलेला निघाला, ही बिरबलाच्या नावावर खपणारी गोष्ट म्हणजे फुकट्याचे निखळ चित्र. श्रावणी सोमवारच्या खुलभर दुधाच्या कहाणीत मात्र नगरातल्या सर्वांनी घरचे सगळे दूध आणून ओतले तरी गाभारा भरत नाही, आणि वासरांना, लेकरांना पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीने तो भरतो. सक्तीने घेतलेले आणि आपखुशीने दिलेले यांतला भेद या कहाणीला ठाऊक आहे. अर्थशास्त्राला तो फार उशिरा कळला.

युरोपात ह्यूमनंतर हा विचार संथपणे पुढे सरकला. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये एवढेच म्हटले, की समाजाला अत्यंत उपकारक असूनही ज्यांचा खर्च एकट्यादुकट्याला कधी भरून निघणार नाही, अशी सार्वजनिक कामे राज्यसत्तेने करावीत. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ मध्ये दीपगृहाचे उदाहरण दिले. भर समुद्रातल्या जहाजाला दिव्याचा उपयोग होतो, पण त्याच्याकडून पैसे कोण आणि कसे वसूल करणार? पुढे शंभर वर्षे अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दीपगृह तेवत राहिले. १९७४ मध्ये रोनाल्ड कोस यांनी इंग्लंडचे जुने दप्तर तपासून दाखवून दिले, की तेथील कित्येक दीपगृहे खासगी व्यक्तींनी चालवली होती आणि त्यांचे शुल्क बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वसूल होत असे. धरमतरच्या मुखाबाहेर, थळच्या समोर, खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. भारतातही १९२७ च्या दीपगृह कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून दीपशुल्क घेण्याची व्यवस्था केली. समुद्रात पकडता न येणारा फुकट्या धक्क्यावर पकडता येतो, एवढाच कोस यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. अर्थात या वसुलीमागे राज्यसत्तेचा हुकूम होताच, ही गोष्ट कोस यांच्या टीकाकारांनी नजरेआड होऊ दिली नाही.

कल्पनेला काटेकोर रूप आले ते करशास्त्रात. स्वीडिश अर्थतज्ज्ञ क्नूट विक्सेल यांनी १८९६ मध्ये लिहिले, की सार्वजनिक सेवेसाठी नागरिकाला स्वेच्छेने पैसे द्यायला सांगितले तर तो काहीच देणार नाही. त्याच्या एकट्याच्या देण्याने सेवेत तसूभरही फरक पडत नाही, हे तो जाणतो. त्यांचेच देशबांधव एरिक लिंडाल यांनी १९१९ मध्ये अशी रीत कल्पिली, की ज्याला जेवढा लाभ, त्याच्यावर तेवढा भार. ही कल्पना न्याय्य, पण प्रत्येकाचा लाभ कळायचा कसा? पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये अवघ्या तीन पानांच्या निबंधात या प्रश्नाची गाठ दाखवून दिली. एकाने उपभोगिली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, अशा वस्तूबाबत आपल्याला तिची गरजच नाही असे खोटे सांगणे प्रत्येकाच्या फायद्याचे ठरते. खाराच्या भाषेत सांगायचे तर बांधासाठी पट्टी ठरवताना जो तो म्हणणार, ‘माझे शेत तर उंचावर आहे.’ शिलोत्रीदाराने हा वाद दर बिघ्यास एक मण असा सरसकट दर लावून मिटवला होता. मात्र सखल शेताचा आणि उंच शेताचा लाभ एकसारखा नसतो, ही लिंडाल यांची अडचण त्या मणाखाली झाकली गेली.

‘फुकट प्रवासी’ हा शब्द मात्र विद्यापीठांतून आला नाही. अमेरिकेत आगगाडीने भाडे न भरता प्रवास करणाऱ्याला उद्देशून तो वापरला जाई. तेथील कामगार संघटनांनी तो उचलला आणि वर्गणी न भरता पगारवाढीचा लाभ घेणाऱ्या कामगाराला चिकटवला. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे सक्तीच्या सभासदत्वावरून कायद्यांची लढाई जुंपली, तेव्हा हा शब्द वृत्तपत्रांत नित्याचा झाला. १९६५ मध्ये मन्सर ओल्सन यांनी सामूहिक कृतीच्या तर्कशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या साऱ्याला एक सूत्र दिले. समान हितसंबंध असलेले लोक आपोआप एकत्र येऊन ते हित साधतात, हा तोवरचा समज त्यांनी मोडीत काढला. गट जितका मोठा, तितकी प्रत्येकाची चुकारपणाची ओढ अधिक. गट टिकवायचा तर सभासदालाच मिळेल असा खास लाभ किंवा चुकाराला भोगावा लागेल असा खास जाच असला पाहिजे.

ओल्सन यांच्या या सूत्राची कठोर परीक्षा धरमतरच्या पश्चिम काठावर तीन दशके आधीच झाली होती. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोत-सावकारांविरुद्ध कुळांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी शेते कसायचे सोडले. संप १९३९ पर्यंत चालला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. संपाचे गणित क्रूर असते. सर्वांनी जमीन पडीक ठेवली तर खोत नमणार. आणि ज्या वर्षी सर्वांची चूल थंड असते, त्याच वर्षी गुपचूप नांगर धरणाऱ्याला सर्वांत मोठा लाभ असतो. फुकट्याला याहून मोकळे रान कोठे मिळेल? तरीही संप मोडला नाही. बहुतेक कुळे आगरी समाजाची, नात्यागोत्याने आणि गावकीने बांधलेली. कोण कोणाच्या शेतात उतरला ते लपून राहणे अशक्य. ओल्सन ज्याला खास लाभ आणि खास जाच म्हणतात, ते येथे लग्नकार्याच्या पंगतीत आणि मर्तिकाच्या खांद्यात होते. परंतु केवळ जाचाच्या भीतीने माणसे सहा वर्षे मासळी, लाकूडफाटा आणि मजुरीवर दिवस काढतात, असे म्हणणे त्या माणसांवर अन्याय करणारे ठरेल. ओल्सन यांच्या सूत्रात न बसणारे काहीतरी चरीला होते. पुढे कूळकायदे झाले. १९४८ च्या कूळकायद्याचा आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाचा लाभ मुंबई राज्यातल्या ज्या असंख्य कुळांना मिळाला, त्यांतल्या फार थोड्यांनी चरीसारखी उपासमार सोसली होती.

त्याच १९४८ साली मुंबई सरकारने खार जमिनींचा कायदा केला, आणि हे वर्षांचे जुळणे निव्वळ योगायोगाचे मानता येत नाही. ओल्सन यांचे आणखी एक निरीक्षण असे, की गटात ज्याचा वाटा सर्वांत मोठा, तो एकटाच खर्च उचलतो आणि लहान त्याच्या जिवावर तरतात. म्हणजे लहानच मोठ्याचे शोषण करतात. खोताचे शेत मोठे होते तोवर बांध राखणे त्याला परवडत होते. कूळकायद्याने जमीन कसणाऱ्याची झाली आणि बांधाला पूर्वीसारखा एक धनी उरला नाही. खोताने कुळाचे जे शोषण केले ते इतके ढळढळीत होते, की ओल्सन यांचे हे उलटे वाक्य खारेपाटात कोणी ऐकून घेतले नसते. पण बांधापुरते ते खोटे नाही. ह्यूमच्या उपायाप्रमाणे राज्यसत्ता पुढे आली. मंडळ स्थापन झाले, योजना आखल्या गेल्या, आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास अधिनियमाने या कामाला नवी चौकट दिली. शासनाने हाती घेतलेल्या योजनांचे बांध शासनाच्या निधीतून दुरुस्त होऊ लागले. बाकीच्या योजना ‘खासगी’ म्हणून शेतकऱ्यांकडेच राहिल्या.

यातून एक विपरीत गोष्ट घडली. बांध सरकारचा झाल्यावर जोळ ओसरली. खेकड्याचे बीळ दिसले की त्याच संध्याकाळी चार पाट्या चिखल टाकण्याची जी रीत होती, तिची जागा अर्जाने घेतली. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा आणि निधी या वाटेने चिखल येईपर्यंत बिळाची खांड झालेली असते. फुकट्या नाहीसा झाला नाही. शंभर कुटुंबांतला एक जण फुकट्या होण्याऐवजी शंभर कुटुंबे मिळून राज्याच्या तिजोरीकडे पाहू लागली. यात शेतकऱ्याला दोष देणेही सोपे नाही. मुलगा मुंबईस किंवा काठावरच्या कारखान्यात नोकरीस गेल्यावर भाताच्या उत्पन्नात बांधाचे श्रम बसेनासे झाले, हेही तितकेच खरे.

या टप्प्यावर दोन अलीकडच्या विचारांची दखल घेणे इष्ट. हार्वर्ड विद्यापीठातील विचारवंत रिचर्ड टक यांनी २००८ मध्ये फुकटेगिरीवर ग्रंथ लिहून मूळ इतिहासालाच आव्हान दिले. आपल्या एका फावड्याने फरक पडत नाही म्हणून ते न उचलणे हेच शहाणपण, ही समजूत त्यांच्या मते सनातन नसून विसाव्या शतकातली आहे. बाजारात एका विक्रेत्याच्या मालाने भाव हलत नाही, या पूर्ण स्पर्धेच्या सिद्धांतातून ती आली. त्याआधीचे विचारवंत मोठ्या गटातही सहकार्य करणे तर्कसंगतच मानीत. ह्यूमचे प्रकरण मुळातून वाचले तर टक यांच्या म्हणण्यात तथ्य दिसते. तेथे त्याचा मुख्य विषय आहे तो जवळच्या सुखासाठी दूरचे हित सोडणारा मनुष्यस्वभाव.

दुसरा विचार जॅक हर्शलायफर यांचा. १९८३ मध्ये त्यांनी एका काल्पनिक वर्तुळाकार बेटाची गोष्ट रचली. बेटाचे तुकडे नागरिकांनी वाटून घेतले आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या किनाऱ्याला बांध घालायचा आहे. समुद्र आत येतो तो सर्वांत ठेंगण्या बांधावरून. म्हणजे येथे सर्वांच्या श्रमांची बेरीज उपयोगाची नाही. साऱ्या बेटाचे संरक्षण सर्वांत आळशी माणसाच्या बांधाइतकेच. अशा ठिकाणी फुकटेगिरीचा मोह कमी असतो, कारण आपण चुकलो तर आपल्याच शेतातून पाणी आत येणार, आणि ते कोणाच्या शेतातून आले हे साऱ्या गावाला दिसणार. हर्शलायफर यांनी खारेपाट पाहिला नव्हता, पण त्यांचे बेट खाराच्या बांधाचा आराखडाच म्हणावे असे आहे. नेदरलँड्समधील समुद्रबांधांच्या रक्षणासाठी तेराव्या शतकापासून जलमंडळे आहेत. तेथील जुन्या रिवाजात आपल्या वाट्याचा बांध राखणे ज्याला झेपेना, तो बांधावर कुदळ रोवून निघून जाई. ती कुदळ जो उपसून काढी, त्याच्याकडे जमीन आणि बांध दोन्ही जात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये अशाच रिवाजांना अर्थशास्त्रात मानाचे पान मिळवून दिले. स्वित्झर्लंडची कुरणे, जपानची गावराने, स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपाइन्समधील पाणीवाटपाच्या संस्था यांचा धांडोळा घेऊन त्यांनी दाखवले, की सरकार आणि खासगी मालकी यांच्याखेरीज तिसरी वाटही असते. जेथे सभासद कोण हे स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, देखरेख त्यांच्यातलेच कोणी करतात आणि चुकाराला पहिल्या वेळी हलका व नंतर वाढता दंड असतो, तेथे सामाईक व्यवस्था शतकानुशतके टिकतात. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रात तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. प्रयोगशाळेतही असेच काही आढळले होते. १९८१ मध्ये मारवेल आणि एम्स यांनी केलेल्या प्रयोगांत सर्वसाधारण माणसे आपल्याजवळच्या रकमेचा जवळजवळ निम्मा भाग सामाईक निधीत घालीत. सर्वांत हात आखडता घेणारे निघाले ते अर्थशास्त्राचे विद्यार्थी!

व्यापारी समाजाला ही तिसरी वाट नवी नव्हती. मुंबईची पांजरापोळ १८३४ मध्ये उभी राहिली तेव्हा तिचा नित्याचा खर्च केवळ दानशूरांच्या लहरीवर सोडला गेला नाही; व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर आपणहून लागा बसवून घेतला. सौदा झाला की लागा निघाला. वर्गणी मागायला दारोदार जाणे नाही, आणि कोणी दिली, कोणी बुडवली याची कुजबुज नाही. शिलोत्री मणाचाच हा बाजारातला भाऊ.

खारेपाटात मात्र आता काळाने आणखी एक गाठ मारली आहे. खांड पडून वर्षानुवर्षे तशीच राहिली की भरतीबरोबर कांदळवनाचे बी आत येते आणि भाताच्या खाचरांत रुजते. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीस बंदी घातली, आणि किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने ती योग्यच होती. पण ज्या खारांत बांधाची वेळेवर डागडुजी झाली नाही, तेथे सातबाऱ्यावर भातशेती आणि जमिनीवर कांदळवन अशी स्थिती आली. तेथे पुन्हा बांध घालायचा तर आता फावड्याच्या आधी परवानगीचा कागद लागतो. शेजारच्या ज्या खारात उघाडीची फळी वेळीच बदलली गेली, तेथे पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाले की आजही मोड आणलेले भात चिखलात फेकले जाते.